मंत्री

आमच्या डोंगरात मंत्री म्हणजे सुई टोचणारा.
राज्य नाही, गादी नाही. एक पत्र्याची पेटी,
रबरी नळी, काचेची मोठी पिचकारी,
आणि रान्तेपाओच्या बाजारातून आणलेला
फॉर्मॅलिनचा कॅन, मोटरसायकलला मागे बांधलेला.

रात्री अकराला साम्पेंच्या घरून पोरगा आला.
"आजोबा आजारी झालेत," म्हणाला.
"केव्हापासून?"
"संध्याकाळपासून. श्वास थांबला तेव्हापासून."

तू नवी आहेस, योस्पिना, म्हणून सांगतो.
त्या घरात तो दुसरा शब्द काढायचा नाही.
आजारी म्हणायचं.
ताप उतरलाय म्हणालीस तरी चालेल,
ते काही खोटं नाही.

जांघेत धमनी शोध.
नाडी लागणार नाही, बोटाने हाका मारत बसू नकोस.
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोरीसारखी लागते ती.
औषध हळू सोड. घाई केलीस तर चेहरा फुगतो
आणि बायकोला परका वाटतो.
साम्पेंची म्हातारी उशाशी होती.
"हळू," म्हणाली, "सुईला घाबरतात ते.
फौजेत भरती व्हायला गेले होते,
लसीच्या रांगेतून पळून आले."
मी हळूच टोचली.
"झालं, बाबा," म्हणालो.
हे सवयीने नव्हे, हे म्हणायचंच असतं.

माझ्या आजीच्या काळी पेटी नव्हती.
चहाची पानं, पेरूचा पाला, सुपारी,
आणि कापडावर कापड, कापडावर कापड.
वासाला कोणी नावं ठेवत नसे.
आजी म्हणायची, तेव्हा माणूस सावकाश जायचा,
वळणावळणाला मागे बघत.
तुझ्या औषधाने तो वाटेतच थबकतो रे,
ना पुढे, ना मागे.
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आता थोरला पापुआच्या खाणीत राबेल,
धाकटा कालिमान्तानला ताडाच्या मळ्यात.
एका ठिपक्यांच्या रेड्याची किंमत विचारू नकोस.
तीन वर्षं लागतील, कदाचित सात.
तोवर साम्पे दक्षिणेच्या खोलीत.
सकाळी कॉफी, साखर दोन चमचे
(मधुमेह होता, पण आता कोण अडवतंय)
आणि शाळेला निघालेली नात दाराशी थांबून,
"आजोबा, येते हं."
पाहुणे विचारतात, कसे आहेत?
"आहेत तसेच."

पहिला रेडा अंगणात कोसळतो, त्या क्षणी ते जातात.
आधी नाही.
त्या दिवशी मला काम नसतं.
मी मांडवाच्या टोकाला उभा राहून भात खातो.
म्हणजे हिशेब कर.
एकतीस वर्षांत माझी सुई
एकाही मेलेल्याला लागलेली नाही.

एकदाच पेटी उघडली नाही.

अकरा दिवसांची होती. दात नव्हते.
बिनदातांचं आम्ही झाडात ठेवतो,
बुंधा कोरून, वर काळ्या काथ्याचं झाकण.
त्या झाडाला पांढरा चीक असतो.
बायको म्हणाली, तुमचं औषध नको, तिथे दूध आहे.
लोक सांगतात, झाड वाढतं तशी
खिडकीही वर वर जाते, आभाळाकडे.
मी दरवर्षी जाऊन उभा राहतो.
माझ्या छातीइतकीच आहे.
रुंदावली आहे, एवढंच.

असो. हात धू. दोनदा.
वास उरेलच, लिंबू चोळ.
नळी उकळल्याशिवाय पेटीत टाकू नकोस,
आणि निघताना खोलीकडे वळून सांगून नीघ.
न सांगता गेलेलं त्यांना आवडत नाही.
जाते नाही म्हणायचं,
येते म्हणायचं.