साठीतली चाळिशी

नारिनच्या बाजारात, खाटकाच्या दुकानामागे
चष्मेवाल्याची गाडी थांबली होती.
बुरुलचानं सुई हातभर लांब धरली,
मग मान मागे नेली, मग म्हणाली,
हल्लीच्या सुयांना नेढंच ठेवत नाहीत.

त्यानं एक भिंग काढलं, दुसरं घातलं.
आता? की आधीचं?
आधीचं. नाही, थांब. आता.
अडीच नंबर.
साठीत आली चाळिशी, तीही निळ्या काड्यांची.

घरी येऊन तिनं शिरदाक उलगडला,
गेल्या हिवाळ्यात बोटांच्या अंदाजानं शिवलेला;
लाल नमद्यावर मेंढ्याची शिंगं.
टाके वाकडे असणार,
वाटभर मनाची तयारी केली होती.

टाके सरळ होते.
एकामागे एक, मुंग्या चालाव्यात तसे.
आणि शेवटच्या गाठीचा पीळ
डावा.

एल्नुरा, सून, चुलीत गोवऱ्या सारत होती
डाव्या हातानं.
बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके,
सुईचे, जुने.
हेही आजवर दिसलं नव्हतं.

किती रात्री उसवलंस, विचारायचं होतं.
विचारलं ते एवढंच,
चहात मीठ घातलंस?

घातलं, ती म्हणाली,
वळून न बघता.