मागे सर

ओफेलिया कोल्के रात्रपाळीला घुमट उघडते
तेव्हा आताकामाची कोरडी थंडी
ओठ चिरत असते.
मातेचा थर्मास, दोन पाव, अल्पाकाची टोपी.
आजच्या यादीत नाव नाही, नुसता आकडा :
जन्माला आला तेव्हा
चाळीस सूर्यांच्या वजनाचा एक निळा तारा.

निळं म्हणजे गार,
हे ती शिकली होती शाळेच्या नळावर.
बापाने ते पुसलं.
तीस वर्षं तांब्याच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस,
म्हणायचा, लाल ती आळशी आग, पोरी,
पिवळी कामाची,
आणि निळसर दिसली की मागे सर.

पडद्यावर रेषा उमटतात. रुंद, फुगलेल्या.
हायड्रोजन जवळजवळ नाहीच.
स्वतःची साल सोलून
याने वाऱ्यावर सोडलीय,
सेकंदाला दोन हजार किलोमीटर,
आतला हेलियम उघडा पडलाय.

तिला आठवतं सांता ओब्दुलिया,
बाप जन्मला ते सोऱ्याचं गाव.
तिथे म्हणे नाटकगृह होतं,
बोटीने आणलेला पियानो होता,
खाणमालकाचा कुत्रासुद्धा बर्फ खायचा.
आता चौकटी आहेत.
पत्रे वाऱ्याने एकेक करून नेले.

आपला सूर्य संसारी,
पैपैचा हिशेब ठेवून
दहा अब्ज वर्षं चूल पेटती ठेवील.
याच्याकडे सरपण चाळीसपट
आणि जाळ लाखो पट.
पन्नास लाख वर्षांत सगळं आटोपणार.
शेवटी तर घाईच :
कार्बन काही वर्षं पुरेल,
ऑक्सिजन काही महिने,
सिलिकॉन एक दिवस. तोही धड नाही.
मग लोखंड,
आणि लोखंड जाळून कुणालाच काही मिळत नाही.

"तांबंही असल्याच ताऱ्यांत तयार होतं, बरंचसं,"
पोलंडहून आलेली इवोना जांभई देत म्हणते
आणि खुर्चीतच झोपते.
ओफेलिया बोटातलं कडं फिरवत राहते.
बापाने भट्टीच्या कचऱ्यातून ठोकून केलेलं.
कातडीवर त्याचा हिरवा डाग पडतो,
धुतला तरी जात नाही.

सकाळी कलामात बाप खोकत विचारतो,
काय पाहिलंस?
भट्टी.
किती निळी?
ती अडखळते. त्या उजेडातला बहुतेक
डोळ्याला दिसतच नाही,
त्याला रंगाचं नाव कुठून आणायचं?

मागे सरली होतीस ना?

आठ हजार प्रकाशवर्षं, पापा,
ती म्हणते,
आणि त्याच्या कपात साखर ढवळते.