शून्य रुपयांचं तिकीट

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या नोटा उजेडासमोर धरल्या.
शाई फाकलेली, आकडा तिरका बसलेला,
खोट निघाली की बाजूला.
म्हणून जेलरोडच्या बाकावर पेपर वाचताना
मी ठासून सांगायचो:
सरकारनं तपासून द्यावं. गरज असेल त्यालाच.
मला कशाला? माझी पेन्शन पुरून उरते.

मग एका मंगळवारी ठकूबाई उगले
अर्ज माझ्या हातात देऊन म्हणाली,
भाऊ, तुम्ही सोबत चला, सायेब ऐकतील.

तहसीलमध्ये पंखा होता, वारा नव्हता.
उत्पन्नाचा दाखला. रेशनकार्ड.
अंगठा.
सिन्नरला जन्मभर विड्या वळल्या,
बोटांवरच्या रेघा तंबाखूनं नेल्या.
मशीन लाल झालं. पदराला पुसून पुन्हा. पुन्हा लाल.

"मुलगा?"
"हाये ना. सातपूरला, कंपनीत."
"सांभाळतो का?"

कारकून वाईट नव्हता. पेन तसंच धरून
त्यानं डोळ्यांनी सुचवलंसुद्धा:
नाही म्हणा, आजी. एक शब्द,
आणि महिन्याला दीड हजार.
मीही मनात म्हटलं, म्हण गं बाई.
ती म्हणाली,
"त्याला दोन पोरी हायेत."
त्यानं रकान्याकडे पाहिलं.
एवढ्या उत्तराला तिथं जागा नव्हती.

वयाचा पुरावा हवा म्हणाले,
विडी कामगाराचं जुनं कार्ड बहिणीच्या पेटीत,
म्हणून सीबीएसवरून सिन्नरची एसटी धरली.
कंडक्टरनं दोघांची आधार कार्डं पाहिली,
फक्त जन्मसाल.
मशीननं दोन चिठ्ठ्या ओकल्या:
शून्य रुपये. शून्य रुपये.
माझ्या खिशात पाचशेच्या तीन नोटा होत्या.

लाज वाटली मला. शिंद्याच्या टोलनाक्यापर्यंत वाटली.
कुणाचा तरी पैसा जातोच, हिशेब मला कळतो.
उद्या कंडक्टरनं विचारलं, काका, तुम्हाला परवडतं ना?
तर मी आनंदानं देईन.
पण मग तो पुढच्या सीटकडे वळेल,
आणि भरल्या गाडीत तिला विचारेल,
तुम्हाला?

"भाऊ, किती झाले?"
"काही नाही."
"आन तुमचे?"
"माझेही काही नाही."

तिनं चिठ्ठीची बारीक घडी घातली,
चंचीत सुपारीशेजारी ठेवली,
आणि खिडकीकडे सरकून
मला ऐसपैस जागा करून दिली.
"मंग बरंय," म्हणाली.