मागची थैली

रायफलला पुढून दोन पाय असतात.
मागून मात्र ती कशाच्या तरी भरवशावर.

आत्राम हवालदार म्हणाले,
"नळीचं काय घेऊन बसली, पोरी,
मांगं काय ठेवतं ते पाह्य अगुदर."
आर्णीकडची बंद पडलेली मुरमाची खदान,
सहाशे मीटरवर चुना फासलेली लोखंडी ताटली,
आणि पालथी मी,
कोपराखाली पळसाचं वाळकं पान चुरचुरतंय.

मुनाफ टेलरनं जुन्या जीनची मांडी कापून
निळ्या दोऱ्यानं दुहेरी शिवण मारून दिली.
"बाहुलीची उशी का, ताई?"
मी हसले. त्यानं पैसे घेतले नाहीत.
कशासाठी ते कळल्यावर घेतले.

आधी अरुणावतीची रेती,
चाळून, धुऊन, टिनावर वाळवून.
जड. शहाणी. एकदा बसली की बसली,
मुठीचं ऐकेना.
(तुह्या मोठ्या काकासारखी, आई म्हणाली.)

मग सरकी.
सरकीला दाबलं की ती उलट दाबते.
मी श्वास धरला तरी थैलीचा चालूच,
दुर्बिणीत ताटली डोलत राहिली.

ज्वारी चांगली होती, खरंच.
पोळ्यापर्यंत.
एका सकाळी दस्त्याला गाल टेकवला
तर खालून बारीक कुरकुर.
सोंडे.
माझ्या नेमाखाली त्यांचा संसार.

सोनबाच्या दुकानात जवसाच्या पोत्यात
कोपरापर्यंत हात घातला
आणि काढावासाच वाटेना.
गार, गुळगुळीत, पाण्यासारखं
पण ओलं नाही.
"चटणीले का वं?"
"हाव," म्हटलं. काय सांगत बसायचं.
सव्वा किलो.

गच्च भरायची नाही, हे हवालदारांचं.
"चार बोटं रिकामी ठेव.
तुह्यं काम त्या रिकाम्या जागीच हाय."
बोट दाबून पाहायचं. खळगा पडला
आणि बोट काढल्यावरही तसाच राहिला,
तर ती थैली.

नियम उलटा, अंगात मुरायला महिना गेला:
मूठ आवळली की दस्ता उचलतो, नळी खाली.
मूठ सैल, नळी वर.
केसाएवढी. अर्ध्या केसाएवढी.
उजवा हात नावाला एक बोट हलवतो,
बाकी सगळं डावा करतो,
छातीखाली दुमडून,
कोणाला न दिसता.
ताटली आधी हलताना दिसते.
टण् मागाहून येतो, चालत आल्यासारखा.

मागच्या रविवारी
मूठ पूर्ण आवळली, नखं तळव्यात रुतली,
तरी काटा ताटलीच्या वरच,
मागल्या बाभळीच्या शेंड्यात.
हवालदारांनी थैली हातावर तोलली.
"कमी हाय."
कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके.

घरी ताटात भाकर,
कडेला जवसाची चटणी, लसूण जरा जास्त.
"पावणे आले होते," आई म्हणाली,
ताटाकडे पाहत.
"मूठभरच तं घेतलं वं."

खाल्ली. चांगली झाली होती.
अजून मागून घेतली.

संध्याकाळी पुन्हा सोनबाकडे.
"आता किती?"
"एक मूठ."
"कोनाची?" त्यानं विचारलं,
तराजू तसाच धरून.

मी डावी पुढे केली.