मधोमध बसा

मधोमध बसा, साहेब. बूट भिजले तर भिजू द्या.
एका अंगाला रेललात तर होडी लगेच इचारती,
कोणत्या गावचं वजन हाय म्हणून.
त्या सायकलीला पाय लावू नका.
छबूच्या पोरीची हाय. आज पहिल्यांदा टेकावर चाललीय,
तितं सडक न्हाई, हे तिला कुणी सांगितलेलं न्हाई.

नकाशात बेट लिवलंय? लिवू द्या.
आम्ही टेकच म्हणतो.
धरणाआधी तितं शेरडं चरायची,
गाव खाली होतं, चावडी, सुताराची भट्टी, सगळं.
पाणी चढत आलं तशी माणसं पांगली,
कोण करमाळ्याकडं, कोण पार इंदापुराच्या अंगाला,
आणि अकरा घरं नुसती वर सरकत गेली.
त्यांना वाटलं, पाणी थांबलं की उतरू.

किती मिनिटं?
वारा नसला तर बावीस.
वारा असला तर त्यालाच इचारा.
दळण, युरिया, टीव्ही, सोयरीक बघायला आलेले पाव्हणे,
सगळं ह्याच फळीवरून जातं.
पाव्हणे निम्मे अर्ध्यातूनच म्हणतात, बाई, वळवा.
आमच्या सासूनं फ्रिज आणला हौसेनं,
वीज आली चार वर्षांनी,
तवर त्यात लुगडी ठेवली घडी घालून.
अजून ती लुगडी जरा गारच लागतात.
जित्या माणसाचे वीस रुपये घेते.
मयताचं भाडं घेत न्हाई.

जागेचं म्हणता तर
उन्हाळ्यात एक उत्तर, दिवाळीला दुसरं.
पाणी मागं सरलं की गाळ उघडा पडतो,
त्यात आम्ही कलिंगडं टोकतो.
कुणी कुठवर, ते एका बाभळीच्या बुडख्यावरनं ठरतं.
भांडणं होतात, डोकी फुटतात,
मग पाणी परत चढतं आणि बांध गिळून टाकतं.
असा पंच तुमच्या पुण्यात हाय का?
मोजणीवाले आले होते मागं.
निशाणीचा दगड रोवला, चहा पिले, सही घेतली.
दगडावर आता चिलापी अंडी घालती.

आणि मालक कोण, हे मला इचारू नका.
आमच्यात मालक म्हंजी नवरा.
ते बघा, मोटरीजवळ बसलेत, बोलत न्हाईत,
त्यांच्या नावावर ही होडी बी न्हाई.

हितं जरा हळू घ्या हो, मालक.

साहेब, आता वाकून खाली बघा.
हिरवं दिसतंय, वास येतोय, व्हय, पुण्याचंच पाणी हाय.
त्याच्या खाली तीस हात आमचं मळईचं रान हाय.
कागदावर सरकार लागलंय, पैसे सासऱ्यानं घेतले,
ते संपलेत बी. पण रान हितंच हाय, कुठं गेलं न्हाई.
विहीर, तिची धाव, आणि पेरूची तीन झाडं,
ती कुजली असतील.

मला कळा सुरू झाल्या ती रात्र मार्गशीर्षातली.
होडी हितवर आली आणि मोटर बंद पडली.
गिरजा मावशीनं पदर आडवा धरला,
मालकांनी तोंड फिरवून कंदील धरला,
आणि पोरगी ह्या फळीवर झाली,
आत्ता तुम्ही बसलात ना, तितं.
ग्रामसेवक म्हणाला, जन्माचं ठिकाण काय लिवू?
हा जिल्हा का तो? पाण्यात का पाण्यावर?
लई येळ टोपण चावत बसला.
मग सासरे म्हणाले, आरं, लिव की,
राहत्या गावी, स्वतःच्या रानात.

त्यानं लिवलं नुसतं 'घरी'.

पोरगी आता अकलूजला शिकती.
सुट्टीला येते तवा हितं आली की मोबाईल खाली ठेवती,
बोलत काय न्हाई.

तुम्ही रोहित पक्षी बघायला बंगला बांधणार म्हणता.
बांधा. पक्षी फाल्गुनात उठून जातात,
तुमच्याकडं बघत थांबणार न्हाईत.
विटा आमच्याच होडीनं येतील, खेपेला तीनशे,
हिशेब तुम्हीच करा.

आलं बघा टेक.
आता उठू नका, आधी दोर धरू द्या.
छबे, सायकल घे गं.
साहेब, उजवा पाय.
डावीकडं दगड दिसतोय तो दगड न्हाई, म्हैस हाय.