काळीज सोडून

रात्री पावणेतीनला रुकडीचे बाळगोंडा मगदूम आले,
चालतच, पण दोघांच्या खांद्यांवर,
मूठ छातीवर आवळलेली.
सगळे अशीच आवळतात मूठ,
आत काही आहे ते सांडेल म्हणून.

मी बनियन वर केली.
जेली गार लागली तसे शहारले.
सहा बिल्ले छातीवर, चार चिमटे हातापायांना.
"हलायचं नाही काका, बोलायचं नाही."
सीपीआरमध्ये चौदा वर्षं माझं एवढंच काम,
माणसाला अर्धा मिनिट गप्प करायचं
आणि मशीनला बोलू द्यायचं.

गुलाबी कागद सरसरत आला.
एक उंच खुंट, एक बुटकं झुडूप,
पुन्हा खुंट, पुन्हा झुडूप,
कुणी नीट घातलेलं कुंपण.

निदान सांगायचा मला अधिकार नाही.
पण छातीत काळीज एकटं राहत नाही, एवढं कळायला लागलंय.
अरुंद बोळ आहे तो. ओरडा एका दारातून येतो
आणि सगळे धावतात दुसऱ्याच दाराकडं.

हसीना शिकलगार आलेली, डाव्या अंगाला इस्त्री टेकवल्यासारखं जळतंय म्हणत.
पट्टी चांगली होती, घरी पाठवली.
चौथ्या दिवशी ओढणी सरकवून दाखवली तिनं
पाठीपासून पुढं आलेली फोडांची माळ.
नागीण. दुखणं आधी येतं,
खूण मागनं.

आणि तो रस्सा मंडळाचा खजिनदार,
तीन वाट्या ओरपून तसाच आडवा झालेला,
बायकोला सांगत होता, एलआयसीचे कागद वरच्या खणात,
मंडळाचे साडेसात हजार गादीखाली.
दोन चमचे पांढरं औषध, एक ढेकर,
मग उठून बसला आणि म्हणाला,
गादीचं विसर.

भरतीच्या आदल्या रात्रीची पोर, ओठ बधिर, बोटं वाकडी,
"मरतो मी मॅडम, मरतो"
(आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात).
तिच्याबरोबर श्वास मोजत बसले.
सत्तरच्या पुढं कधीतरी तिनं विचारलं, किती वाजले?
तेव्हा कळलं, ही आता मरत नाही.

तर मगदूम.
नव्या डॉक्टरनं एकच बोट ठेवलं,
छातीच्या हाडाच्या कडेला, तिसऱ्या बरगडीपाशी,
आणि दाबलं.
ओय!
बाहेरच्या बाकड्यावरची माणसं उभी राहिली.
"हेच दुखणं?"
"हेच की."
"काय उचललं होतं?"
"मोटार. पाणी चढाय लागलं, नदीवरनं वर घेतली."
"एकट्यानं?"
गप्प.
"मोटार दोघा भावांची हाय," म्हणाले.
मग भिंतीकडं बघून,
"नऊ वर्सं बोलत न्हाई."

दाराच्या काचेतून मला दिसत होता तो दुसरा,
तोच उंच कपाळ, तेच रुंद कान,
शर्ट उलटा घातलेला,
हातात एम-एटीची किल्ली, फिरवतोय, फिरवतोय.
सातगोंडा. रिक्षाच्या मागोमाग आला होता पावसात.

"काळीज ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले,
"बरगडीचा सांधा सुजलाय, गोळ्या घ्या, शेक द्या,
पुन्हा वाटलं काही तर लगेच या, घरी बसू नका."
आणि गेले, तीन नंबरला कुणी खरंच घाबरवत होतं.

एवढी चांगली बातमी ऐकून
इतकं पडलेलं तोंड मी पाहिलं नव्हतं.
"बाई," हळूच म्हणाले,
"भाईर लगीच सांगू नगासा.
जरा वेळ असू दे तसंच."

तसंही मी कुणाला काही सांगत नाही.
पण जेली पुसायला त्या रात्री मला
जरा जास्तच कापूस लागला.
कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
बाहेर किल्लीचा आवाज थांबला होता.

पहाटे चहाला खाली उतरले
तेव्हा दसरा चौकाकडं एम-एटी चालली होती.
पुढं सातगोंडा, मागं मगदूम, दोघांत गोळ्यांची पिशवी.
गतिरोधक आला.
ओय! मागनं.
गाडी जवळजवळ थांबलीच.
मग पुढचा काहीतरी म्हणाला.
इतक्या लांबून कळलं नाही मला, शिवी होती की काय.