कौल

दारूबंदीच्या शहरात मी दारुडा झालो.
शारजात बाटली कोणी विकत नाही,
म्हणून अजमानच्या हद्दीवर जायचं,
वाळूत दिवे विझवून उभ्या पिकअपच्या मागे,
आणि परत यायचं
पाच लिटरचा पाण्याचा कॅन छातीशी धरून,
जणू खोलीभर माणसांची तहान मलाच लागलेली.

खोलीत आठ माणसं, चार दुमजली खाटा.
माझी वरची.
उतरताना दोनदा पडलो, एकदा दात गेला.
कंपनीच्या कागदावर लिहिलं : शिडीवरून.

बाबा गेले तेव्हा फोन मीच उचलला होता.
सरखोत चाचा सांगतात, नीट बोललास,
हो, हो, बरं, जेवलात काय, असं म्हणालास,
फोन उशीखाली सारलास, झोपलास.
सकाळी ड्युटीवर गेलो.
तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, येणार नाही का?
मी म्हटलं, कुठे?

चाचा दापोलीकडचे. डक्टचं पत्राकाम. बोलणं मोजकं.
रमजानच्या आदल्या रात्री
माझ्या खाटेच्या लोखंडावर चमचा वाजवून म्हणाले :
गुणाजी, पहाटे उठतोस का माझ्याबरोबर?
देवाबिवाचं राहू दे.
सांजेपर्यंत पाणी नाही, म्हणजे तेही नाही.
सांजेनंतरचं सांजेनंतर बघू.

सांजेला हातातून खजूर सुटायचा.
चाचा उचलायचे, पुसायचे,
बी काढून माझ्या तोंडात घालायचे.
तिसऱ्या रात्री भिंतीतून मुंग्या निघाल्या.
नव्हत्या. तरी मी मारत बसलो.
खालच्या मजल्यावरचा कुरियन टॅक्सी घेऊन आला.
हॉस्पिटलात पोलीस विचारतील म्हणून मी रडलो,
दोघांनी दोन बाजूंनी धरलं,
आणि मीटर पळत होता
त्याचे पैसे अजून कोणी मागितले नाहीत.

त्याच आठवड्यात आईचा फोन :
रवळनाथान उजवो कौल दिल्यान, तू सुटतलंस.

रोलाला गालिच्यांच्या दुकानावर एक खोली आहे.
शुक्रवारी दुपारी एसी चालतो, कधी चालत नाही.
मी गुणाजी, मी दारुडा,
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खुर्ची करकरली,
वाटलं तीच बोलली.
मुलतानचा क्रेनवाला गुलाम रसूल मोठ्याने रडतो.
रोमेल रडत नाही, केक आणतो.
देव चार-पाच, हिंदी सगळ्यांचीच मोडकी,
म्हणून ठरलं :
वर जो कोण असेल तो फोरमन.
फोरमन, आजचा दिवस काढ.
ओव्हरटाइम मागत नाही.

अकरा महिने झाले.
एकदा हद्दीवर उतरलो होतो, खोटं कशाला.
पिकअप तोच. ड्रायव्हरने ओळखलं, हसला.
कुरियनला फोन लावला, तो जेवत होता,
घास चावत म्हणाला, तिथेच थांब, वाळू मोज.
मी मोजायला लागलो.
चाळीस मिनिटांनी लुंगीवरच आला,
मनगटावर सांबार वाळलेलं.

आणि परवा आई म्हणाली,
आता सांगूक हरकत नाय.
त्या दिवशी फूल पडूकच नाय.
उजव्यान नाय, डाव्यान नाय.
काळोख होईसर बसलंय, गुरव कंटाळलो,
मगे घराक येवन तुका फोन केलंय.

रात्रभर वरच्या खाटेवर जागा होतो.
अकरा महिने मी ज्याला धरून लटकलो
ते दगडाला तसंच चिकटून होतं.
की आईच होती ती?
की चमच्याची ती टकटक?
फोरमन बोलत नाही, त्याची ती सवयच.

शुक्रवारी खोलीत हे सगळं सांगितलं.
कोणी काही म्हणेना. खाली दुकानात
कोणीतरी गालिचा झटकत होता.
मग गुलाम रसूलने नाक पुसून विचारलं,
फूल कौनसा था?

मला माहीत नव्हतं.
म्हटलं, आईला विचारतो.
पुढच्या शुक्रवारी सांगतो.